टाकाऊ विकत मिळेल

अमरावतीत रात्री साडेनऊनंतर मेडिकल उघडं असतं, पानठेला उघडा असतो आणि शाळेजवळचं स्टेशनरीचं दुकान उघडं असतं. पहिल्या दोघांना आपापली गिऱ्हाइकं आहेत. स्टेशनरीवाल्याला जागं ठेवतो तो वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रात्री आठच्या सुमारास पडणारा निरोप : ‘उद्या सर्व विद्यार्थ्यांनी टाकाऊपासून टिकाऊ वस्तू तयार करून आणावी. वस्तू विद्यार्थ्याने स्वतः तयार केलेली असावी. पालकांनी मदत करू नये.’ शेवटचं वाक्य वाचलं की पालक चपला घालतात.

दुकानात ही गर्दी. एक गृहस्थ हेल्मेट न काढताच विचारतात, “भाऊ, टाकाऊमध्ये काय आहे?” दुकानदाराला या प्रश्नात काहीच वावगं वाटत नाही. तो वर्षानुवर्षं टाकाऊ विकतो आहे.

“कोनत्या वर्गाचं पायजे? चौथीपर्यंत काड्या चालते. पाचवीच्या समोर पुठ्ठा लागते. आठवीले लाइटवालं मॉडेल पायजे, थे आता संपलं.”

काड्या म्हणजे आइस्क्रीमच्या काड्या. पाकिटात पन्नास, रंगीत, कोऱ्या करकरीत. आइस्क्रीमचा एक थेंबही या काड्यांना कधी शिवलेला नसतो. त्या थेट कारखान्यातून ‘टाकाऊ’ म्हणूनच जन्माला येतात. शेजारच्या बरणीत टिकल्या, चमकी, आरसे, मणी, लोकरीचे गुंडे. मागे फळीवर घोटीव कागद, क्रेप कागद, कार्डशीट. या सगळ्याचा हिशेब झाला की टाकाऊपासून केलेली वस्तू साधारणपणे तीच वस्तू बाजारातून नवी आणण्याच्या दुप्पट किमतीला पडते.

बाटली हवी असेल तर आणखी पंचाईत. रिकामी बाटली घरात असते, पण ती तेलाची असते आणि कितीही धुतली तरी तिच्यावर रंग बसत नाही. मग बाप कोपऱ्यावरून कोल्ड्रिंकची दोन लिटरची बाटली आणतो आणि रात्री दहाला अख्खं घर ती संपवायला बसतं. आजीलासुद्धा अर्धा गिलास घ्यावा लागतो. चांगल्या वस्तूला आधी नीट टाकाऊ केल्याशिवाय टिकाऊ करता येत नाही, हा या कलेचा पहिला नियम.

आजीची अडचण वेगळीच आहे. तिच्या हिशेबात टाकाऊ नावाची वस्तूच नव्हती. लुगडं विरलं की त्याची गोधडी होई, गोधडी फाटली की पायपुसणं, पायपुसणं झिजलं की पोतेरं. पोतेऱ्याचं पुढे काय होई ते कोणी पाहिलेलं नाही, कारण पोतेरं पिढ्यान्‌पिढ्या टिकत असे. ती नातवाच्या बाटलीकडे बघून विचारते, “मंग याचं करन काय?” याचा पेनस्टँड होणार असतो. तो दरवर्षी होतो. दोन मुलांच्या घरात सातवी-आठवीपर्यंत चौदा-पंधरा पेनस्टँड जमतात आणि त्या घरात पेन एकच असतो. तोही सापडत नाही.

साडेदहाला खरा कलाकार झोपी जातो. त्याला सकाळी सातची शाळा असते. आता मैदानात आई आणि बाप उरतात. बाप बँकेत असेल तर पट्टी घेऊन बसतो, आई नक्षीकामात हुशार असते, आणि दोघांचं पटत नाही. “तू मोठं करून राह्यली, बॅगेत बसन का थे?” “तुम्ही फेविकॉल कमी लावा, वाळत नाही अन्‌ मग पोट्ट्याले रागावता.” फेविकॉल 1959 साली बाजारात आला तो सुतारांसाठी. प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून केलेला सरस उकळत बसण्याच्या कटकटीतून त्यांची सुटका व्हावी म्हणून. सुतारांची सुटका झाली. पालकांची कटकट तिथूनच सुरू झाली. बाराला पंख्याखाली वस्तू वाळत ठेवून दोघं झोपतात, आणि सकाळी पंख्याच्या वाऱ्याने सगळी चमकी दिवाणभर पसरलेली असते.

वस्तू शाळेत पोचवणं हेही एक कसब आहे. स्कूटीवर पुढे बाप, मागे पोरगं, पोराच्या मांडीवर शनिवारवाडा. पंचवटी चौकात सिग्नलला थांबलं की आजूबाजूचे लोक बुरुजाकडे आदराने बघतात. सिग्नल सुटला की वारा लागतो आणि दिल्ली दरवाजा मागच्या ऑटोवाल्याच्या काचेवर जाऊन आपटतो. एक प्रश्न मला नेहमी पडतो. शनिवारवाडाच का? अकोल्याच्या पोराच्या शाळेच्या वाटेवर असदगडाची तटबंदी आहे. अकोटच्या वर नरनाळा आहे. अमरावतीकरांचा गाविलगड तर 15 डिसेंबर 1803 ला इंग्रजांच्या ताब्यात गेला आणि ती लढाई मारणाऱ्या वेलस्लीने पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवलं. एवढा मोठा किल्ला चिखलदऱ्याला जाऊन आपण बघतो, त्याच्यासमोर फोटो काढतो, भुट्टा खातो आणि घरी येऊन शनिवारवाडा करतो. कारण दुकानात कापायचा नमुना त्याचाच मिळतो.

थर्माकोलचं राज्य आता खालसा झालं आहे. 2018 साली राज्यात प्लास्टिकबंदी आली, तिच्यात थर्माकोलही सापडलं. तेव्हापासून शाळा सांगते, थर्माकोल आणू नका. दुकानदार मग सनबोर्ड देतो. सनबोर्ड हे प्लास्टिकच असतं, फक्त त्याला कोणी थर्माकोल म्हणत नाही. त्याच्यावर हिरवा रंग, प्लास्टिकची झाडं, प्लास्टिकच्या गाई, आणि वर सोनेरी अक्षरात पाटी : ‘प्लास्टिकमुक्त माझे गाव’. अशा मॉडेलला पहिला नंबर मिळालेला मी पाहिला आहे. परीक्षकांच्या टेबलावर पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटल्या होत्या, त्यामुळे एकूण वातावरण सुसंगत होतं.

मात्र वऱ्हाडातल्या शाळकरी कलेचा कळस म्हणजे ढग. पावसाचं चित्र, जलचक्राचं मॉडेल, नाताळातल्या सांताक्लॉजची दाढी, या सगळ्याला कापूस लागतो. आणि कापूस कुठून आणायचा? मेडिकलमधून! निळ्या कागदात गुंडाळलेलं बंडल. ज्या मुलुखातला कापूस नेण्यासाठी इंग्रजांनी दीडशे वर्षांपूर्वी बडनेऱ्यापर्यंत रेल्वे आणली, जिथे आजोबांच्या घरी दिवाळीनंतर एका खोलीत छतापर्यंत कापूस भरलेला असतो आणि पोरं त्याच्यावर उड्या मारतात, तिथलं लेकरू ढगासाठी मेडिकलच्या पायऱ्या चढतं. सरकारने 2025-26 साठी लांब धाग्याच्या कापसाला क्विंटलमागे 8110 रुपये हमीभाव ठरवला. किलोला एक्क्याऐंशी रुपये. तेवढ्या पैशात मेडिकलवाला किती ढग देतो, याची चौकशी आजोबांसमोर करू नये.

आजोबांना याचा त्रास जास्त होतो, कारण शाळेत ते टकळीवर सूत काढत. शंभरेक किलोमीटरवर वर्धा. तिथे ऑक्टोबर 1937 मध्ये गांधीजींनी शिक्षणपरिषद भरवली, झाकीर हुसेन यांच्या समितीने आराखडा केला आणि मुलाने हाताने काही उत्पादक काम करत शिकावं हा विचार नई तालीम म्हणून देशभर गेला. पुढे 1964-66 च्या कोठारी आयोगाने कार्यानुभव सुचवला. कागदावर सगळं एकाहून एक सरस आहे. टकळीतून निदान सूत निघत होतं, ते वाकडं असे, तुटे, पण ज्याचं त्याचं असे. कार्यानुभवात आता कार्य आईबापांचं आणि अनुभव दुकानदाराचा.

यात शिक्षकांना फार बोलू नये. साठ पोरं, पस्तीस मिनिटांचा तास, वर्गात एक नळ नाही आणि जलरंग काढायचे. पहिल्या दहा मिनिटांत वॉटरबॅगा उघडतात. पंधराव्या मिनिटाला कोणाच्या तरी पांढऱ्या शर्टावर मोरपंखी रंग सांडतो. विसाव्या मिनिटाला दोघे भांडतात, कारण एकाने दुसऱ्याच्या डबीत काळा ब्रश बुडवला. संध्याकाळी शर्टाची आई शाळेत येते. पुढच्या आठवड्यात शिक्षक शहाणे होतात आणि म्हणतात, “घरून करून आणा.” वर्गातली कला वर्गाबाहेर जाते ती अशी. शिवाय चित्रकलेचे म्हणून जे सर असतात ते गणितही शिकवतात, पोषण आहाराची नोंद ठेवतात आणि निवडणुकीची यादीही करतात. शिक्षण हक्क कायद्यात तर सहावी ते आठवीत शंभराच्या वर मुलं असतील तरच कला आणि कार्यानुभवाला अंशकालीन निदेशक द्यायची तरतूद आहे. म्हणजे नव्व्याण्णव पोरांच्या शाळेत कला आपली आपणच उगवायची.

सीबीएसईच्या शाळांत गेल्या काही वर्षांत आणखी मौज आली आहे. तिथे कला-एकात्मिक प्रकल्प सक्तीचा झाला. ‘एक भारत श्रेष्ठ भारत’ योजनेत राज्यांच्या जोड्या लावल्या, त्यात महाराष्ट्राच्या वाट्याला ओडिशा आला. त्यामुळे अमरावतीतली नववीची पोरगी रात्री जागून पट्टचित्र काढते आणि तिची आई मोबाइलवर जगन्नाथाचे डोळे किती गोल असतात ते शोधते. तिकडे भुवनेश्वरात एखादी आई या घटकेला वारली काढत बसली असेल. आपली म्हणून आपणही वारलीच काढतो. ती पालघरकडची, राज्याच्या पार दुसऱ्या टोकाची. मेळघाटातले कोरकू इथून हाकेच्या अंतरावर, ते भिंतीवर काय काढतात हे धारणीकडे बदली झालेल्या गुरुजींशिवाय फारसं कोणी सांगू शकत नाही.

निसर्गचित्राचंही तेच. अकोल्यातल्या कोणत्याही लेकराला ‘माझं गाव’ काढायला सांगा. दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा सूर्य, डोंगरातून निघालेली नदी, काठावर उतरत्या छपराचं घर आणि घराशेजारी नारळाचं झाड. अकोल्याहून समुद्र रेल्वेने पाचशे किलोमीटरच्या पलीकडे. वावरात नारळ कोणी पाहिलेला नाही. खारपाणपट्ट्यातल्या गावात तर विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही, पण चित्रातल्या नदीत कमळं. पळस, बाभूळ, बांधावरचा कडुनिंब, वरुड-मोर्शीची संत्र्याची बाग, नजर पोचेल तिथपर्यंत काळीभोर सपाट जमीन, हे कोणी काढत नाही. सपाट जमीन काढली तर सर म्हणतात, “अर्धं चित्र रिकामं काहून सोडलं बे?”

विज्ञान प्रदर्शनात ज्वालामुखी असतोच. मातीचा डोंगर, आत खायचा सोडा, वरून व्हिनेगर आणि कुंकू. फेस आला की पाहुणे टाळ्या वाजवतात. आपण ज्या काळ्या मातीवर उभे राहून टाळ्या वाजवतो ती साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्ह्याचीच झीज आहे, हे त्या ज्वालामुखीच्या शेजारी एका कागदावर लिहून ठेवलं तर काय बिघडेल? पण तक्त्यात इटलीचा व्हेसुव्हियस छापलेला असतो, म्हणून तो इटलीचाच राहतो.

तक्त्यांबद्दल स्वतंत्र लिहायला हवं. प्राण्यांचा तक्ता, फळांचा तक्ता, वाहनांचा तक्ता. पोरांनी चित्रं कापायची आणि प्रकल्पवहीत चिकटवायची. हे मात्र पोरं स्वतः करतात, आणि ते लगेच ओळखू येतं. तक्त्यात वाघ आणि हरीण अगदी लागून छापलेले असतात. कात्री हरणाला वाचवते आणि वाघाची शेपटी जाते. मी एका वहीत वाघ पाहिला, त्याला शेपटी नव्हती, मागचा एक पायही अर्धाच होता आणि पोटाखालून फेविकॉलचा पिवळा डाग पसरला होता. खाली वळणदार अक्षरात लिहिलं होतं : ‘वाघ हा रुबाबदार प्राणी आहे.’ 1973 साली देशात व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हा पहिल्या नऊ जंगलांत मेळघाट होतं. तिथल्या वाघांनी ही वही पाहू नये.

थोडी मोठी पोरं मग एलिमेंटरीला बसतात. स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, आणि भूमिती-अक्षरलेखन. परीक्षेचं वातावरण मोठं गंभीर. मधोमध टेबलावर बादली, मग, एक वांगं. पोरं एक डोळा मिटून, पेन्सिल पुढे धरून वांग्याची उंची मोजतात. उंची मोजून तिचं पुढे काय करायचं हे फार थोड्यांना माहीत असतं, पण सरांनी तसं करायला सांगितलेलं असतं. इंटरमिजिएटच्या श्रेणीवर दहावीला वाढीव गुण मिळतात हे कळल्यापासून मात्र ज्या बापांनी ‘चित्रं काढून पोट भरते का’ म्हणत रंगपेट्या लपवल्या, तेच क्लासची फी घेऊन दारात उभे असतात.

इतकं सगळं करून वऱ्हाडी पोराच्या हातात कला नाही असं म्हणायची मात्र सोय नाही. शाळा सोडून बाकी सगळीकडे ती आहे. अकोल्यात श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी कावड निघते. गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी घेऊन पोरं रात्रभर चालत येतात आणि राजराजेश्वराला अभिषेक करतात. त्या कावडीवर भरणे बांधलेले असतात, शंभराच्या वर भरणे असलेल्या कावडीही असतात. भरलेले हंडे, तोल सांभाळून, डावीकडे जेवढे तेवढेच उजवीकडे, वर मूर्ती, फुलं, लाइट. हे बांधणाऱ्या मंडळातले निम्मे जण भूमितीत नापास झालेले असतात. त्यांच्या दोऱ्या बघितल्या की पेपरात चूक कोणाची होती याची शंका येते.

होळीआधी खेड्यात लेकरं शेणाच्या चाकोल्या करतात. मधे भोक पाडून उन्हात वाळवायच्या, सुतळीत ओवून माळ करायची. भादव्याच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाई बसते. भुलाबाई, भुलोजी, मातीचे. कोजागिरीला त्यांच्याभोवती ज्वारीच्या धांड्यांचा मखर. तो पोरीच उभा करतात, तो दरवर्षी एका अंगाने कलतो आणि कोणी त्याला गुण देत नाही.

आणि धांडा! त्याच्याइतकं हुशार साहित्य कोणत्याही स्टेशनरीत नाही. वाळला धांडा घ्यायचा, दाताने त्याची साल सोलायची. साल म्हणजे लांब, चिवट, धारदार पट्ट्या. ओठ कापतो, बोट कापतं, त्याला इलाज नाही. आत निघतो पांढरा, हलका, मऊ गाभा. गाभ्याचे तुकडे करायचे, सालीच्या पट्ट्या त्यांच्यात खुपसायच्या. चिकटवायला काही लागत नाही. पट्टी वाकवली की चष्मा होतो, गोल केली की चाक होतं, दोन चाकं, आस, जू, झाली बैलगाडी. चुकली तर पट्टी उपसून दुसरीकडे खुपसा. मोडली तर गाईपुढे टाका, ती खाऊन टाकते. खर्च शून्य आणि पसाराही शून्य. एवढं टाकाऊ, एवढं टिकाऊ आणि वर चवदार, असं मॉडेल कुठल्या विज्ञान प्रदर्शनात सापडेल? पण ज्वारीच हटली. वावरात सोयाबीन आलं, आणि सोयाबीनच्या कुटारापासून काहीएक बनत नाही. कुटार शर्टात जातं तेवढं.

चांदूरबाजारकडच्या एका जिल्हा परिषद शाळेत पोळ्याच्या आधी गेलो होतो. चौथीच्या वर्गात गुरुजींनी मधोमध चिकण मातीचा ढीग टाकला होता, शेजारी बादलीभर पाणी. पोरांचे हात कोपरापर्यंत भरलेले. प्रत्येक जण बैल करत होता आणि बैल सारखे बसत होते, कारण पाय बारीक आणि पोट मोठं. एका पोराने वशिंड पार शेपटीकडे लावलं होतं. गुरुजींनी विचारलं, “हे मागं काहून रे?” पोरगं मान वर न करता म्हणालं, “सर, थो मागं पाहून राह्यला.” बैलाचं तोंड खरोखरच मागे वळलेलं होतं. वशिंड आणि मानेचा संबंध त्याने आपल्या परीने लावला होता. दुसऱ्याचा बैल तीन पायांवर उभा. चौथा पाय कुठाय म्हटलं तर म्हणे, “माशी हाकलून राह्यला.” तासाभरात वीस-पंचवीस बैल ओळीने खिडकीत वाळायला लागले. एकही दुसऱ्यासारखा नव्हता आणि कोणाच्याही बापाने त्यात हात घातला नव्हता. बाप तेव्हा वावरात डवरणी करत होते.

तेव्हा अमरावती-अकोल्याच्या तमाम मुख्याध्यापकांना, ताई-मॅडम आणि सर मंडळींना विनंती आहे की पोळ्याच्या आठवड्यात एक तास मातीला द्यावा, आणि तो वर्गातच द्यावा. त्या दिवशी पांढरा गणवेश नको असं आदल्या दिवशी सांगावं. ग्रुपवर काहीही टाकू नये, निदान रात्री आठनंतर नको. पालकांना फाटकाच्या आत घेऊ नये, कारण ते फेविकॉल घेऊन येतील. माती विकत आणायची झाली तर कुंभाराला आठ-पंधरा दिवस आधी सांगून ठेवावं लागतं. पोळ्याच्या तोंडावर त्याच्याही अंगणात बैलच असतात आणि त्याला बोलायला वेळ नसतो.